गाव सोडल्याची नोंद कोण करतो?




२०२७च्या जनगणनेची तयारी सुरू झाल्यापासून एक सूर सारखा कानावर येतो आहे. आधार आहे, रेशनकार्ड आहे, मतदारयादी आहे. मग लाखो शिक्षकांना दारोदार कशाला पिटाळता? डेन्मार्कसारखी संगणकावरच माणसे मोजा आणि मोकळे व्हा. हा सल्ला देणाऱ्यांनी डेन्मार्कची अर्धीच गोष्ट ऐकली आहे, म्हणून हे पत्र.

डेन्मार्कने १९६८ साली प्रत्येक रहिवाशाला क्रमांक देऊन मध्यवर्ती नोंदवही सुरू केली आणि १९८१ची जनगणना एकही दार न ठोठावता, निव्वळ सरकारी नोंदींवरून केली. संपूर्णपणे असे करणारा तो जगातला पहिला देश. पण त्यामागचे बळ क्रमांकात नाही. तिथे घर बदलले की पाच दिवसांच्या आत नगरपालिकेला कळवावे लागते आणि लोक ते कळवतातही, कारण डॉक्टरपासून करापर्यंत सगळे व्यवहार त्या नोंदीला बांधलेले असतात. देश सोडतानाही नाव कमी करून जायचे असते. माणूस आल्याची नोंद कुठलेही सरकार हौसेने करते. गेल्याची नोंद वेळेवर होते की नाही, यावर नोंदवहीची किंमत ठरते.

जर्मनीचे उदाहरण याहून बोलके आहे. शिस्तीसाठी जगभर वाखाणलेला हा देश. तिथेही गावोगावी रहिवाशांच्या नोंदवह्या आहेत. पश्चिम जर्मनीत १९८७ साली जनगणना झाली, ती जनतेच्या मोठ्या विरोधात. त्यानंतर २०११पर्यंत मोजणीच झाली नाही. जुन्या आकड्यांत जन्म मिळवत, मृत्यू वजा करत, स्थलांतराच्या नोंदी जमेस धरत अंदाज पुढे ढकलले गेले. २०११मध्ये नोंदवह्यांचाच आधार घेतला, पण सोबत सुमारे दहा टक्के लोकांची प्रत्यक्ष दारावर जाऊन पडताळणी केली. तेव्हा देशात अंदाजापेक्षा १५ लाख माणसे कमी निघाली! त्यातले ११ लाखांच्या आसपास परदेशी नागरिक होते. अनेक जण कधीच निघून गेले होते, नाव मात्र मागे राहिले होते. एकट्या बर्लिनचे सुमारे १ लाख ८० हजार रहिवासी कागदावरून गेले आणि राज्यांच्या वाटपातला त्याचा पैसाही घटला. बर्लिन आणि हॅम्बुर्ग थेट घटनात्मक न्यायालयात गेले. २०१८ साली न्यायालयाने मोजणीची पद्धत वैध ठरवली. २०२२च्या मोजणीतही अंदाजापेक्षा सुमारे १४ लाख माणसे कमीच भरली. हे जर्मनीचे, तर आपले काय?

नंदुरबार जिल्ह्यातल्या टेंभली गावात सप्टेंबर २०१० मध्ये देशातले पहिले आधार क्रमांक दिले गेले. तेव्हापासून नोंदणीची शिबिरे गावोगावी झाली. माणूस गेल्यावर क्रमांक बंद करायला कोण जातो? अलीकडे देशात वर्षाला ऐंशी लाखांहून अधिक मृत्यूंची नोंद होते, आणि मृतांचे एक कोटीहून काही अधिक क्रमांक बंद केल्याचे आधार प्राधिकरणाने सांगितले तेव्हा २०२५ साल उजाडले होते. रेशनकार्डातून नाव कमी करायला कुणी स्वतःहून जात नाही, कारण नाव कमी झाले की धान्य कमी होते. गरिबाला त्यात दोष देता येत नाही. त्या याद्या हक्क मिळवण्यासाठी आहेत. कोण कुठे राहतो हे सांगायला त्या केलेल्याच नाहीत.

मी २०११ला बीड जिल्ह्यात प्रगणक होते. फेब्रुवारी म्हणजे ऊसतोडीचा ऐन हंगाम. गल्लीच्या गल्ली कुलूपबंद. एका दारात म्हातारी बसलेली. ती म्हणाली, "कारडावर सात मानसं हायती, पर घरात मी अन् ही दोन लेकरं." मुलगा, सून, त्यांच्या कडेवरचे पोर आणि सुनेचा धाकटा दीर दिवाळीपासून कारखान्याच्या फडावर. नियमाप्रमाणे मी तीनच नावे लिहिली. मोजणीचा संपूर्ण काळ बाहेर असलेल्यांची नोंद ते जिथे सापडतील तिथे व्हायची. संगणकाने त्या दारात सात माणसे मोजली असती आणि फडावरच्या कोपीत, म्हणजे तोडकऱ्यांच्या झोपडीत, शून्य. तिथे नळ, अंगणवाडी, दवाखाना काही द्यायचे तर आधी तिथे माणसे आहेत हे कळायला हवे ना? कारखान्याचे कागद पाहाल तर हिशोब मुकादमाच्या नावावर आणि कोयत्यावर. नवरा-बायको मिळून एक कोयता. त्या बाईचे नाव त्या वहीत कुठेच नसते. तिला नावानिशी माणूस म्हणून लिहिते ती प्रगणकाची वही.

नोंदींवरून मोजणीच्या बाजूचा एक मुद्दा मात्र खणखणीत आहे. २०११नंतर आपण मोजलोच गेलो नाही. राज्याचा रेशनचा सुमारे ७ कोटींचा इष्टांक, म्हणजे लाभार्थ्यांची ठरलेली मर्यादा, आजही त्याच शिरगणतीवर अडकला आहे आणि नंतर जन्मलेली लेकरे त्याबाहेर ताटकळत आहेत. चांगली नोंदवही असती तर दरवर्षी आकडा मिळाला असता. म्हणून नोंदी देशपातळीवर एकत्र आणणाऱ्या, जन्म-मृत्यू नोंदणी कायद्याच्या २०२३च्या दुरुस्तीचे मी मनापासून स्वागत करते. पण आधी प्रत्येक मृत्यू ग्रामपंचायतीत वेळेवर चढू द्या, प्रत्येक स्थलांतर कुठेतरी लिहिले जाऊ द्या. मग दार सोडण्याची भाषा करा.

आणि आणखी एक. १९४८चा जनगणना कायदा कुटुंबाने दिलेली माहिती गुप्त ठेवतो. या कायद्याखालचे गुन्हे सोडून अन्य खटल्यांत ती पुरावा म्हणून चालत नाही. सगळ्या नोंदी एका क्रमांकाला जोडल्या की हे कवच आपोआप राहत नाही. नेदरलँड्समधल्या नीटनेटक्या नोंदवह्यांत धर्मही लिहिलेला होता, आणि नाझींना ज्यू घरे शोधायला त्यांचाच उपयोग झाला. मार्च १९४३ मध्ये ॲमस्टरडॅमच्या नोंदणी कार्यालयाला आग लावायला कलावंत, लेखक, विद्यार्थी का धावले आणि त्यांतल्या बाराजणांनी त्यासाठी प्राण का दिले, हे नोंदवह्या जोडणाऱ्यांनी जरूर वाचावे.

येत्या फेब्रुवारी २०२७ साठी माझी मागणी साधी आहे. प्रत्येक साखर कारखान्याच्या शेती विभागाकडून, चिटबॉयच्या, म्हणजे कारखान्याच्या फडावरच्या कर्मचाऱ्याच्या, मदतीने, ऊसतोड टोळ्या कुठे कुठे उतरल्या आहेत याची यादी जानेवारी संपण्यापूर्वी तालुक्याच्या जनगणना चार्ज अधिकाऱ्यांना मिळावी, आणि त्या कोप्यांवर संध्याकाळी, तोड संपल्यावर, प्रगणक पाठवावेत. दिवसा तिथे कुणी भेटत नाही.

– एक निवृत्त प्राथमिक शिक्षिका, केज (जि. बीड)