खर्जाची तार

साथीदाराने कोणते वाद्य घ्यावे ही त्याची खासगी बाब, असे आम्ही समजत होतो. 'क्रीम' या ब्रिटिश त्रिकुटाचे, १० मार्च १९६८ रोजी सॅन फ्रान्सिस्को येथे जलशात मुद्रित झालेले 'क्रॉसरोड्स' ऐकून आमचा हा ग्रह फिरला. एरिक क्लॅप्टन गिटारीवर स्वैर संचार करू लागला की मागे भरणा करावयास दुसरी गिटार नाही. असतो तो ढोलांचा ताल आणि जॅक ब्रूसचा खर्जाचा बेस. फेंडरच्या बेसची तार ३४ इंच. ब्रूसच्या गिब्सनची अवघी साडेतीस. आखूड तार त्याच स्वरास सैल राहते, म्हणून बोटाने ओढून सतारीसारखी मींड घेता येते. शिवाय आवाज जाड, किंचित घोगरा. पोकळी भरून निघते. फेंडर अधिक रेखीव बोलतो, हे आम्हांस मान्य आहे. तथापि घरातील तरुण मंडळींनी ही तबकडी लावल्यास वडीलधाऱ्यांनी 'गलका' म्हणून दार लोटण्यापूर्वी एकवार केवळ खालचा स्वर ऐकावा.