पिकअप गाडीवरील मोडकी एरियल

हल्लीं बाजार समितीच्या आवारांत पहांटे उभ्या असलेल्या पिकअप गाड्यांकडे पाहिलें असतां एक गोष्ट ध्यानांत आल्यावांचून राहत नाहीं. टायर नवे घातलेले असतात, हौदास रंग दिलेला असतो, कांचेवर देवाचें नांव ठळक लिहिलेलें असतें. परंतु रेडिओची एरियल मात्र पुष्कळ ठिकाणीं मोडलेली, नाहीं तर समूळ नाहींशी झालेली आढळते. बाभळीची फांदी लागली, गोदामाचें छप्पर ठेंगणें पडलें, किंवा ताडपत्रीचा दोर ओढतांना काठींत अडकला, एवढें कारण तिला पुरतें. मोडण्याबद्दल कोणास दोष देतां येत नाहीं. मोडल्यावर ती तशीच राहूं देण्याची जी रीत पडली आहे, तिच्याविषयीं मात्र आम्हांस चार शब्द लिहिणें अवश्य वाटतें.

या रीतीचें समर्थन बहुधा एकाच वाक्यानें केलें जातें: खिशांत मोबाइल असतां रेडिओ हवा कशाला? बाजारभाव, हवामान, गाणीं, सर्व त्यांत मिळतें. यांत तथ्य आहे, हें आम्ही नाकारीत नाहीं. विजांचा इशारा देणारें ‘दामिनी’ ॲप पुण्याच्याच उष्णदेशीय मौसमविज्ञान संस्थेनें तयार केलें आहे, आणि तें प्रत्येकानें अवश्य बाळगावें. परंतु मोबाइल पाहण्यास डोळा लागतो आणि चालविण्यास हात लागतो. गाडी हांकणाऱ्याचे डोळे आणि हात रस्त्याच्याच कामांत गुंतलेले असले पाहिजेत. शिवाय घाटांत व आडरानांत मोबाइलची रेंज तुटते. ज्या मोबाइलांत एफएम रेडिओ असतो, त्यांपैकीं बहुतेकांस कानांत घालावयाची तारच एरियल म्हणून लागते. म्हणजे गाडीवरची एरियल मोडली म्हणून चालकानें आपले कान बुजवावे आणि मागून येणाऱ्या वाहनाचा भोंगा ऐकूं नये, असा हा व्यवहार होतो. एक बटण दाबलें कीं बोलूं लागणारा संच समोर बसविलेला असतां ही कसरत कशासाठीं?

दुसरें कारण याहून मोठें आहे. रेडिओ आणि शेतकरी यांचें नातें महाराष्ट्रास नवें नाहीं. १९५६ सालीं पुणें आकाशवाणीनें युनेस्कोच्या साहाय्यानें तत्कालीन मुंबई राज्याच्या पांच मराठी जिल्ह्यांत सुमारें १५० गांवीं शेतकऱ्यांचीं श्रवणमंडळें चालविलीं. मंडळी एकत्र बसून कार्यक्रम ऐकत, त्यावर चर्चा करीत आणि आपले प्रश्न केंद्राकडे धाडीत. पुढें १९६६ पासून आकाशवाणीच्या केंद्रांत शेतीसाठीं स्वतंत्र विभाग उघडले जाऊं लागले, आणि २००४ सालीं ‘किसानवाणी’ सुरू झाली. मराठी भाषेंत, वर्गणीवांचून मिळणारी ही सेवा आहे. परंतु ज्या सेवेस श्रोता उरत नाहीं, ती फार दिवस टिकत नाहीं. अलीकडच्या वर्षांत आकाशवाणीनें कित्येक जुने मध्यमलहरी प्रक्षेपक बंद केले. अमेरिकेंत २०२३ सालीं फोर्ड कंपनीनें आपल्या बहुतेक नव्या गाड्यांतून मध्यमलहरींचा रेडिओ काढून टाकण्याचा बेत केला, तेव्हां आपत्तीच्या वेळीं याच लहरींवरून सूचना पोंचतात म्हणून मोठी ओरड झाली आणि त्याच वर्षीं कंपनीनें तो बेत मागें घेतला. तेथें श्रोते होते म्हणून ओरड झाली. आपण मोडक्या एरियलीवर समाधान मानूं लागलों, तर उद्यां आपल्या वतीनें कोण बोलणार?

आतां दुरुस्तीविषयीं. येथें सर्वसाधारण चूक अशी होते कीं, काठी बदलली म्हणजे काम झालें असें समजतात. वास्तविक काठी ही निम्मी एरियल होय. उरलेली निम्मी म्हणजे गाडीचा पत्रा. एरियलच्या तारेंत मधोमध एक बारीक तार असते व तिच्याभोंवतीं धातूची जाळी असते. मधली तार काठीस मिळते. जाळी बैठकीपाशीं पत्र्यास मिळाली पाहिजे. बैठकीखालीं रंग किंवा गंज असेल, तर हा संबंध तुटतो आणि नवी काठीहि खरखरच ऐकविते. म्हणून पत्र्याच्या आंतल्या बाजूस बैठकीचे दांते टेकतात तेवढीच जागा खरवडून उजळावी, नट घट्ट करावा व गंज न धरावा म्हणून वर ग्रीस लावावें. बाहेरच्या बाजूस रबरी वॉशर नवाच घालावा; नाहीं तर पहिल्या पावसाचें पाणी तारेवाटे थेट संचापर्यंत उतरतें.

तार तुटली असेल तर ती सबंध बदलावी. मध्यें टीव्हीच्या तारेचा तुकडा घालून वर चिकटपट्टी गुंडाळणें हा उपाय नव्हे; त्यानें मध्यमलहरींचा आवाज विशेष क्षीण होतो. जुनी तार काढतांना तिच्या टोंकास सुतळी बांधून ओढावी, म्हणजे त्याच वाटेनें नवी तार आणतां येते. पत्र्याच्या भोंकांतून ती जाते तेथें रबरी कडें असावें, आणि इंजिनाच्या ठिणगीच्या व आल्टरनेटरच्या तारांपासून ती दूर ठेवावी. काम सुरू करण्यापूर्वीं बॅटरीची ऋण तार सोडावी. कांहीं संचांस पुन्हां सुरू होतांना सांकेतिक अंक द्यावा लागतो, तो आधींच टिपून घ्यावा.

साध्या एरियलीची परीक्षा मीटरनें घटकेंत होते. संचांतून प्लग काढून त्याचें टोंक व काठी यांमध्यें मीटरचा कांटा शून्याजवळ यावा; प्लगची बाहेरील बाजू व गाडीचा पत्रा यांमध्येंहि तसेंच व्हावें; परंतु टोंक व बाहेरील बाजू यांमध्यें प्रवाहास वाटच नसावी. ज्या आंखूड एरियलीच्या बुडाशीं आवाज वाढविणारें यंत्र असतें, तिची परीक्षा अशी होत नाहीं. तिला संचाकडून बारा व्होल्टांची वेगळी तार, बहुधा निळी, जोडावी लागते. ती न जोडतां अशी एरियल घेणें म्हणजे पैसे वायां घालविणें. काठीच्या लांबीविषयीं म्हणाल, तर एफएमसाठीं सुमारें ७५ सेंटिमीटर योग्य. कारण १०० मेगाहर्ट्झची लहर ३ मीटरची असून तिचा चौथा हिस्सा तितकाच होतो. मध्यमलहर शेंकडों मीटर लांब असते. तिला काठी जितकी लांब मिळेल तितकी बरी. पण तीच लहर जमिनीच्या कडेनें दूरवर जाते, आणि जेथें डोंगराआड एफएम मंदावतें तेथेंहि पुष्कळदां ऐकूं येते.

हें सर्व काम एका सकाळचें आहे. पेरणीपूर्वीं आपण नांगराचा फाळ पाहतों, पंपाचा वॉशर बदलतों. त्याच यादींत गाडीच्या एरियलीचें नांव घालावें, आणि गांवच्या सहकारी संस्थेनें एक मीटर व दोनचार सुट्या तारा सभासदांसाठीं ठेवाव्या, अशी आमची सूचना आहे. मृग लागण्यापूर्वीं हें व्हावें. आणि संच बोलूं लागला म्हणजे ऐकूनच थांबूं नये. कोणता कार्यक्रम उपयोगी पडला व कोणता नाहीं, हें केंद्रास पत्रानें कळवावें. आपल्यासाठीं चालविलेल्या सेवेचा श्रोता जागा आहे, हें तिच्या चालकांस दुसऱ्या कोणत्या मार्गानें कळणार?