मानधनावरची सिस्टर

9 जानेवारी 2021 च्या पहाटे भंडाऱ्याच्या जिल्हा रुग्णालयात नवजात बालकांच्या कक्षाला आग लागली. आत 17 बाळे होती, 10 गेली. बारा दिवसांनी कारवाई जाहीर झाली. कायम नोकरीतल्या परिचारिकेच्या नावापुढे ‘निलंबित’ असे होते, तर दोन कंत्राटी परिचारिकांच्या नावापुढे ‘सेवा समाप्त’. कुणाचा दोष किती, हा प्रश्न इथे बाजूला ठेवू. निलंबित कर्मचाऱ्याला निर्वाहभत्ता मिळतो, आरोपपत्र मिळते, विभागीय चौकशीत आपली बाजू मांडता येते. सेवा संपलेल्याला एक पत्र मिळते. त्याच वर्षी नोव्हेंबरात अहमदनगरच्या जिल्हा रुग्णालयात आग लागून 11 रुग्ण दगावले. तेव्हाही एका परिचारिकेचे निलंबन झाले आणि दोघींची सेवा समाप्त झाली.

या दोन शब्दांमधले अंतर हाच वादाचा विषय आहे. कंत्राटी सिस्टरला कायम करू नये, असे म्हणणाऱ्यांची बाजू पोकळ नाही. ती नीट ऐकून मगच खोडली पाहिजे.

पहिला आक्षेप कायद्याचा. सर्वोच्च न्यायालयाच्या पाच न्यायमूर्तींनी 2006 साली उमादेवी खटल्यात मागच्या दाराने शिरलेल्यांना कायम करण्यास मनाई केली, हे खरेच आहे. पण त्याच निकालात, मंजूर पदांवर दहा वर्षे काम केलेल्यांचा प्रश्न एकदाच काय तो सोडवा, असेही सरकारांना बजावले होते. मंत्रालयांनी निकालाचा पहिला भाग पाठ केला, दुसरा ऑप्शनला टाकला. शिवाय राष्ट्रीय आरोग्य अभियानातली परिचारिका कुठल्या मागच्या दाराने आली? जाहिरात निघते, गुणवत्ता यादी लागते, नर्सिंग कौन्सिलची नोंदणी तपासली जाते. दार पुढचेच असते, फक्त आत गेल्यावर बसायला पाट मिळत नाही. डिसेंबर 2024 मध्ये न्या. विक्रम नाथ आणि न्या. प्रसन्ना वराळे यांच्या खंडपीठाने जग्गो खटल्यात केंद्रीय जल आयोगाच्या सफाई व बागकाम करणाऱ्यांना कायम करायला लावले आणि उमादेवीच्या निकालाचा असा गैरवापर होत असल्याबद्दल सरकारी खात्यांचे कान उपटले.

दुसरा आक्षेप असा, की योजनाच तात्पुरती आहे, मग पदे कायमची कशी? हे अभियान 12 एप्रिल 2005 ला सात वर्षांसाठी सुरू झाले. त्याने आता विशी ओलांडली आहे. इतक्या काळात एखाद्या सिस्टरच्या हातून जन्मलेली मुलगी स्वतः नर्सिंगला जाऊ शकते.

मग येतो पैसा, आणि इथे थोडे थांबावे लागेल. राज्य सेवेतल्या अधिपरिचारिकेची सातव्या वेतन आयोगातली श्रेणी 35,400 रुपयांपासून सुरू होते. दहा वेतनवाढींनंतर मूळ वेतन 47,600 होते, महागाई भत्ता वेगळा. दहा, वीस आणि तीस वर्षांना आश्वासित प्रगती योजनेचा लाभ असतो. अभियानाच्या जाहिरातीत स्टाफ नर्सला 20 हजारांच्या आसपास आकडा दिसतो. त्यावर दरवर्षी न चुकता 5 टक्के वाढ मिळाली असे धरले, तरी दहा वर्षांनी ती पोचते साडेबत्तीस हजारांच्या घरात. म्हणजे दहा वर्षे रात्रपाळ्या करून ती कालच रुजू झालेल्या कायम सिस्टरच्या मूळ वेतनाखालीच राहते.

या रकमेला सरकार वेतन म्हणत नाही, मानधन म्हणते. मराठीत मानधन म्हणजे व्याख्यात्याच्या, परीक्षकाच्या हाती शालीबरोबर द्यायचे पाकीट. सलाइन लावणाऱ्या, बाळंतपणे करणाऱ्या बाईला तो शब्द चिकटवला, कारण वेतन म्हटले की श्रेणी आली आणि श्रेणी आली की वाढ मागता येते.

2016 च्या जगजित सिंग निकालात न्या. खेहर आणि न्या. बोबडे यांनी समान काम करणाऱ्या हंगामी कर्मचाऱ्यांना श्रेणीतले किमान वेतन द्यायला सांगितले. मोठाच निकाल, पण त्याने शिडीची पहिली पायरी दिली. वरच्या पायऱ्या नोकरी कायम झाल्याशिवाय चढता येत नाहीत. म्हणून पगारवाढ आणि नोकरीची हमी या मागण्या वेगळ्या करून एकीवर बोळवण करणे हा निव्वळ धूर्तपणा आहे.

तिजोरीला हे झेपणार नाही, म्हणतात. ओडिशा काही महाराष्ट्राहून श्रीमंत नाही. ऑक्टोबर 2022 मध्ये त्या सरकारने कंत्राटी नेमणुकीची पद्धतच रद्द करून 57 हजारांहून अधिक कर्मचाऱ्यांना कायम केले. वर्षाचा बोजा सुमारे 1,300 कोटी सांगितला गेला आणि तो उचलायचे ठरले.

राहता राहिला घरोघरी ऐकू येणारा आक्षेप: कायम झाली की सिस्टर हलत नाही. अशा सिस्टर असतात, नाकारण्यात अर्थ नाही. पण त्यांना हलवायला शिस्त व अपिलाचे नियम 1979 पासून आहेत. ते वापरायचा आळस वरिष्ठांचा, आणि त्याची शिक्षा मात्र कंत्राटीवर असलेलीला. उलट भीतीचा परिणाम रुग्णावर होतो. वॉर्मर बिघडला आहे, रात्री कक्षात माणसे अपुरी आहेत, हे रजिस्टरात कोण लिहील? जिचा करार 11 महिन्यांनी पुन्हा त्याच साहेबांच्या सहीला जायचा आहे, ती लिहिताना दहादा विचार करील. कायम सिस्टर निदान भांडेल तरी. वॉर्डात अशी भांडकुदळ बाई असणे रुग्णाच्या फायद्याचे असते.

महाराष्ट्र सरकारलाही हे पटलेले दिसते. अभियानात दहा वर्षे सेवा झालेल्यांना रिक्त पदांपैकी 30 टक्के जागांवर सामावून घेण्याचा शासन निर्णय 14 मार्च 2024 ला निघाला. 19 ऑगस्ट 2025 पासून राज्यभरचे अभियानातले कर्मचारी बेमुदत कामबंद आंदोलनात उतरले. त्यांची मुख्य मागणी नवा निर्णय काढा अशी नव्हती. निघालेल्या निर्णयाची अंमलबजावणी करा, एवढीच होती.