दाणे, काच आणि रक्ताचा थेंब : डहाणू-तलासरीतील एका दुखण्याचे निदान

१/ डहाणू-तलासरीचा इतिहास म्हटला की १९४५ आठवते : वारल्यांचा उठाव, झरीची परिषद, वेठबिगारीविरुद्धचा लढा, गोदावरी परुळेकर. ते आठवायलाच हवे. पण त्या शेतांवर राबणाऱ्या शरीरांचाही एक इतिहास आहे आणि तो आपण फारसा वाचत नाही. आजचा धागा सिकलसेलच्या निदानाविषयी.

२/ आधी आजार समजून घेऊ. तांबड्या रक्तपेशी एरवी गोल आणि लवचीक असतात. या आजारात प्राणवायू कमी पडला की त्या विळ्यासारख्या वाकतात, ताठ होतात, बारीक रक्तवाहिन्यांत अडकतात. मग हाडांत, सांध्यांत, पोटात असह्य कळा येतात. थंडी, अतिश्रम, ताप, शरीरातील पाणी कमी होणे ही त्याची निमित्ते. डोळे पिवळे पडतात, बालपणी प्लीहा वाढते. वरवर पाहणाऱ्याला हिवताप वाटावा, संधिवात वाटावा; कळा ओसरल्यावर तर काही झालेच नव्हते असे वाटावे.

३/ आता सावकाराच्या शेतात पावसात उभा असलेला वेठबिगार डोळ्यांसमोर आणा. सकाळी कळांनी उठू न शकणारा तरुण मालकाच्या लेखी आजारी ठरला असेल, की कामचोर? हा माझा तर्क आहे, पुरावा नव्हे. पण ज्या दुखण्याला नाव नसते, त्याचा पुरावा कोणत्या दप्तरात सापडणार?

४/ वारली पाड्यावर दुखण्याचे कारण शोधतो तो भगत. तांदळाचे दाणे पाहून कोणते दैवत कोपले, कसली बाधा झाली, हे तो सांगतो. त्याला हसणे सोपे आहे. दाण्यांतून रक्तपेशी दिसत नाहीत हे खरेच. मात्र डॉक्टरांना त्या केव्हा दिसल्या, हेही पाहू.

५/ डिसेंबर १९०४, शिकागो. ग्रेनाडाहून दंतवैद्यक शिकायला आलेला वॉल्टर क्लेमंट नोएल रुग्णालयात दाखल झाला. अर्नेस्ट आयर्न्स या शिकाऊ डॉक्टरने त्याच्या रक्ताचा थेंब काचेवर पसरून पाहिला आणि लांबट, वाकड्या पेशी दिसल्या. त्याचे वरिष्ठ जेम्स हेरिक यांनी १९१० मध्ये त्यावर निबंध छापला. गंमत अशी, की निश्चित निदान करता येत नाही अशी कबुली त्या निबंधातच आहे! आजाराची ही पहिली नोंद मानली जाते. नोएल मायदेशी परतला आणि १९१६ मध्ये वारला.

६/ १९४९ मध्ये लायनस पॉलिंग व सहकाऱ्यांनी विद्युतप्रवाहात हिमोग्लोबिनची चाल तपासून दाखवले, की दोष हिमोग्लोबिनच्या रेणूतच आहे. पुढे व्हर्नन इन्ग्रॅमने तो एका अमिनो आम्लाच्या बदलापर्यंत आणून ठेवला.

७/ तोवर हा ‘आफ्रिकी वंशाच्या लोकांचा आजार’ अशी समजूत रूढ होती. १९५२ मध्ये लेहमन आणि कटबुश यांनी निलगिरीतील आदिवासींत तो दाखवला. १९५८ मध्ये नागपूरहून शुक्ला व सोलंकी यांची नोंद आली. म्हणजे झरीची परिषद भरली तेव्हा वारल्याच्या रक्तात हा आजार शोधण्याचा विचार डॉक्टरलाही सुचण्याचे कारण नव्हते. माझ्या मते इथे साधनांपेक्षा समजूत अधिक आडवी आली. सूक्ष्मदर्शक तर मुंबईत केव्हाचे होते.

८/ आज आपण तीच चूक नव्या शब्दांत करतो : ‘आदिवासींचा आजार’. हा जनुक जातीपातीमुळे टिकला नाही, हिवतापामुळे टिकला. आईवडिलांपैकी एकाकडूनच तो आला, तर घातक हिवतापापासून बरेच संरक्षण मिळते, हे ॲलिसनने १९५४ मध्ये मांडले. दोघांकडून आला की आजार. जंगल, डास आणि पिढ्यान्‌पिढ्यांचा हिवताप, हा खरा संदर्भ.

९/ निदान आता कसे होते? पहिली चाचणी विद्राव्यतेची. रक्ताचा थेंब द्रावणात टाकायचा. द्रावण गढूळ होऊन नळीमागच्या रेघा दिसेनाशा झाल्या, की संशय पक्का. पण ही चाचणी वाहक आणि रुग्ण यांत फरक करत नाही. त्यासाठी इलेक्ट्रोफोरेसिस किंवा एचपीएलसी लागते. तान्ह्या बाळात तर ती फसतेच, कारण त्याच्या रक्तात गर्भावस्थेतले हिमोग्लोबिन भरपूर असते. आणि या साऱ्याच्या आधी कोणाला तरी संशय यावा लागतो. नाहीतर ‘रक्त कमी आहे’ म्हणून लोहाच्या गोळ्या देऊन घरी पाठवणी होते. त्या गोळ्यांनी हा दोष जात नाही.

१०/ डहाणूत आयसीएमआरचे ग्रामीण आरोग्य संशोधन केंद्र आहे. १ जुलै २०२३ रोजी सिकलसेल निर्मूलनाची राष्ट्रीय मोहीमही सुरू झाली : चाळिशीपर्यंतच्या ७ कोटी लोकांची तपासणी, मुदत २०४७. आकडा मोठा आहे. पण किती थेंब घेतले यापेक्षा किती अहवाल पाड्यावर परत पोहोचले, हे मोजावे असे मला वाटते. दोन्ही जोडीदार वाहक असतील तर प्रत्येक अपत्याला आजार होण्याची शक्यता चारात एक. हे लग्नाआधी कळणे वेगळे आणि मूल कळांनी रडू लागल्यावर कळणे वेगळे. शिवाय वाहक असणे म्हणजे आजारी असणे नव्हे, हे सांगायला माणूस लागतो. कागद पुरत नाही. भगत निदान घरच्यांसमोर बसून बोलतो तरी.

११/ या धाग्यावर डहाणू, तलासरी, विक्रमगड, जव्हारकडचे कोणी असाल तर एक विनंती. आजीआजोबांना विचारा : थंडीत हाडे ठणकायची, डोळे पिवळे व्हायचे, त्या दुखण्याला तुमच्या बोलीत काय म्हणत? तो शब्द इथे लिहा.