जर्नलमधला रोध आणि खोलीतला प्लग

आधी एक कबुली देते. फर्स्ट इयरच्या माझ्या जर्नलमध्ये 'ओहमचा नियम पडताळणे' या प्रयोगाखाली सहा रीडिंग्ज आहेत. त्यातली खरी दोनच. उरलेली चार मी उत्तर आधी ठरवून उलटी भरली. रोध 50 ओहम यायला पाहिजे ना, मग 10 व्होल्टला 0.2 अँपिअर, 20 ला 0.4, 30 ला 0.6... ग्राफ पट्टीने मारला, सही मिळाली, वर 'गुड' पण मिळालं! हसू नका, तुमच्याही जर्नलमध्ये काही वेगळं नाही.

हे आठवायचं कारण आमच्या मजल्यावरचा प्लग. गोंदियाची जानेवारी तुम्हाला माहीतच आहे. विदर्भातलं सगळ्यात कमी तापमान कितीतरी वेळा आपल्याच गावाचं असतं. अशा थंडीत पहाटे पाच वाजता बादलीत रॉड पडतो. नोटीस बोर्डावर लिहिलंय, 'हीटर, रॉड वापरल्यास दंड होईल.' म्हणून तो पडतो कॉटच्या आडोशाला, एक्स्टेन्शन बोर्ड लावून, पंख्या-चार्जरच्या छोट्या पॉइंटवरून. एक दिवस खोलीत जळकट वास आला. प्लग वितळून सॉकेटला चिकटला होता आणि बोर्ड काळा पडला होता. तो बोर्ड झोपलेल्या मुलीच्या गादीपासून हातभर अंतरावर होता.

सगळ्या म्हणाल्या, "लोड जास्त झाला." वायरमन काका आले, त्यांनी बोर्ड उघडून बघितला आणि म्हणाले, "लोड नाही गं पोरी, पिन ढिल्ली हाय."

मी कॉन्व्हेंटची. मला व्ही, आय, आर ही अक्षरं माहीत होती, 'ढिल्ली पिन' कुठल्याच चॅप्टरमध्ये नव्हती. मग वही काढली. रॉड 1500 वॉटचा. 1500 भागिले 230, म्हणजे साधारण 6.5 अँपिअर. 230 भागिले 6.5, म्हणजे रॉडचा रोध 35 ओहम. इथपर्यंत दहावीचं गणित. आता ढिल्या पिनेचा रोध फक्त अर्धा ओहम धरा. करंटचा वर्ग गुणिले रोध: 6.5 गुणिले 6.5 गुणिले 0.5, म्हणजे 21 वॉट. आपल्या लॅबमधली सोल्डरिंग आयर्न साधारण 25 वॉटची असते! थोडक्यात, गादीजवळ प्लास्टिकच्या डबीत आपण जवळजवळ एक सोल्डरिंग आयर्न चालू ठेवत होतो. आणि एमसीबी का पडली नाही? ती बघते करंट. ढिल्या पिनेने करंट वाढतच नाही, उलट किंचित कमी होतो. तिच्या दृष्टीने सगळं ठीकच चाललं होतं.

त्यात आणखी एक भर. एका सकाळी मीटर लावलं तर सॉकेटवर 196 व्होल्ट. रॉडचा रोध तोच, म्हणून 1500 चे 1090 वॉट झाले. 15 लिटरची बादली 20 अंशांवरून 45 वर न्यायला साडेसतरा मिनिटं पुरतात, तिथे चोवीस लागणार. बाकीची उष्णता इकडेतिकडे जाते ती वेगळीच. पाणी गरम होत नाही म्हणून मुली रॉड तसाच ठेवून परत झोपतात. तोवर प्लग तापत राहतो.

पण सूत्र पाठ केलं की झालं असंही नाही. व्होल्टेज उतरलं की करंट उतरतो, हे रॉडला लागू. आपल्या भागातल्या राइस मिलची किंवा धानाच्या बांधीवरच्या पंपाची मोटर उलट वागते. काम तेवढंच ओढायचं असतं, म्हणून व्होल्टेज 415 वरून 350 वर आलं की ती करंट जास्त घेते, ढोबळमानाने सातचे सव्वाआठ अँपिअर. तारेतली उष्णता वर्गाने वाढते, म्हणजे सुमारे 40 टक्क्यांनी. मग वाइंडिंग जळतं. शेतकऱ्याला हे सूत्राशिवाय कळतं, कारण रिवाइंडिंगचं बिल त्याच्या खिशातून जातं.

आणि हा वर्ग केवढी किमया करतो ते बघायला लांब जायला नको. तिरोड्याला 660 मेगावॉटचे पाच संच आहेत, एकूण 3300 मेगावॉट. तिथली वीज 765 किलोव्होल्टच्या लाइनने पश्चिमेकडे जाते. 1000 मेगावॉट या दाबाने पाठवले तर दर तारेत साधारण 755 अँपिअर. तेच 11 किलोव्होल्टने पाठवायचे म्हटले तर 52 हजारांच्या वर! करंट सत्तरपट, आणि त्याच तारेत नुकसान जवळजवळ 4800 पट. व्हायव्हात 'हाय व्होल्टेज का?' विचारलं की आपण 'लॉसेस कमी' एवढंच पुटपुटतो.

असो. माझं म्हणणं असं की बंदी चुकीची नाही, पण नुसत्या बंदीने रॉड थांबला नाही, फक्त कॉटखाली गेला. प्रत्येक मजल्यावर 4 चौरस मिलिमीटरच्या स्वतंत्र तारेवर 16 अँपिअरचा एक पॉइंट द्यावा, बाथरूमबाहेर, सगळ्यांच्या नजरेसमोर, एका वेळी एकच रॉड. सोलर बसलं तर दुधात साखर. आणि फर्स्ट इयरच्या मुलींनी एक प्रयोग हॉस्टेलच्याच बोर्डावर, सरांच्या देखरेखीखाली करावा. रिओस्टॅटची रीडिंग्ज खोटी लिहिता येतात, कारण ती चुकली तरी कुणाचं काही बिघडत नाही.

आमच्या मजल्यावरच्या बोर्डांची यादी मी केली आहे. कोणता पॉइंट ढिला, कुठे प्लग हाताला गरम लागतो, तेही लिहिलंय. करंटचे रकाने अजून रिकामे आहेत. वायरमन काका रविवारी यायला तयार आहेत. लॅबमधून टाँग टेस्टर मिळाला, तर सकाळी दहाला सुरुवात करू. फक्त क्लॅम्पमध्ये एकच तार घ्या. दोन्ही घेतल्या तर शून्य दिसतं. मी पहिल्यांदा तेच केलं होतं.