भंगारातली खाण

तांबे संपत आल्याची ओरड अधूनमधून होते आणि दर वेळी फोल ठरते. जगातील काढण्याजोगे ज्ञात साठे सुमारे १०० कोटी टन आहेत आणि खाणींतून वर्षाला २.२ ते २.३ कोटी टन तांबे निघते. म्हणजे चाळीसहून अधिक वर्षांची बेगमी आजच हाताशी आहे. ते वर काढणे मात्र दिवसेंदिवस महाग पडू लागले आहे. सर्वाधिक उत्पादन करणाऱ्या चिलीतही खनिजातील तांब्याचे सरासरी प्रमाण एक टक्क्याखाली गेले आहे. टनभर तांब्यासाठी शंभराहून अधिक टन दगड फोडून दळायचा, तोही आटाकामाच्या वाळवंटात, जिथे समुद्राचे पाणी गोडे करून डोंगरावर चढवावे लागते. पनामातील ‘कोब्रे पनामा’ ही अवाढव्य खाण तर जनआंदोलन आणि सर्वोच्च न्यायालयाच्या निकालानंतर २०२३ मध्ये बंद पडली.

भारताची स्थिती याहून अवघड आहे. मलाजखंड आणि खेत्रीच्या खाणी आपल्या गरजेचा किरकोळ हिस्सा भागवतात. तरीही आपला भर शुद्धीकरणाच्या कारखान्यांवर आहे. दहेज होतेच, आता मुंद्र्यात वर्षाला पाच लाख टनांचा प्रकल्प उभा राहिला. पण खनिज शुद्ध करून देण्याबद्दल खाणमालक जो दर मोजतात, तो २०२४ मध्ये टनामागे ८० डॉलर होता आणि २०२५ मध्ये २१.२५ डॉलरवर आला. भट्ट्या उदंड झाल्या आणि खनिज अपुरे पडले, याचा एवढा स्पष्ट पुरावा दुसरा नसेल. शिवाय भट्टीशेजारी राहणाऱ्यांचे काय? रत्नागिरीकरांनी नव्वदच्या दशकात नाकारलेला स्टरलाइटचा प्रकल्प तुतिकोरीनला गेला. तिथे २०१८ मध्ये पोलिस गोळीबारात १३ आंदोलक मारले गेले, कारखाना बंद झाला आणि शुद्ध तांबे निर्यात करणारा देश आयातदार बनला.

म्हणून भंगाराकडे दुय्यम धंदा म्हणून पाहणे थांबले पाहिजे. कितीही वेळा वितळवले तरी तांब्याची वाहकता आणि गुण कमी होत नाहीत. आपल्याकडे मात्र शहरांच्या कडेला केबलची वेटोळी रात्री पेटवली जातात. पीव्हीसीचा विषारी धूर पेटवणाऱ्याच्या आणि वस्तीतल्या पोरांच्या छातीत जातो. तार काळपट होते, ठिसूळ होते आणि सोललेल्या चकचकीत तारेपेक्षा कमी भावाने विकली जाते. जाळणाऱ्याचेच यात दुहेरी नुकसान आहे. तरीही तो जाळतो, कारण सोलण्याचे यंत्र त्याच्या आवाक्याबाहेर आहे.

यावर एक रास्त आक्षेप आहे. भिंतींत, मोटारींत अडकलेले तांबे दशकांनी मोकळे होते. विजेच्या मोटारीला पेट्रोलच्या गाडीच्या काही पट तांबे लागते. तेव्हा वाढती मागणी भंगार कसे भागवणार? एकटे भंगार ती भागवणार नाही, खाणी लागतीलच. पण खनिज बाहेरून आणावे लागणाऱ्या देशाने घरातले तांबे धुरात आणि बिनबिलाच्या व्यवहारांत का घालवावे? ॲल्युमिनियमचा पर्यायही मर्यादित आहे. उंच मनोऱ्यांवरच्या तारांत ते चालते, पण त्याची वाहकता तांब्याच्या साठ टक्क्यांच्या आसपास असल्याने मोटरच्या आटोपशीर वेटोळ्यांत जागा पुरत नाही.

ई-कचऱ्याचे नवे नियम १ एप्रिल २०२३ पासून लागू आहेत. त्यांनी उत्पादकांवर जबाबदारी टाकली, पण माल गोळा करणाऱ्या फेरीवाल्यापर्यंत त्यांचा लाभ पोचत नाही. त्याच्या मागे पोलिस लावून धूर थांबणार नाही. सहकारी तत्त्वावर सोलण्याची यंत्रे द्यावीत, भंगारावरचा १८ टक्के जीएसटी उतरवावा आणि रेल्वे, वीज कंपन्यांनी जुन्या केबल लिलावात काढताना त्या न जाळण्याची अट घालून तिची तपासणीही करावी.