घ्यायची असेल भाषा, तर द्यायलाही हवी

परदेशी भाषा शिकायची म्हटलं की आपल्याकडे पहिला प्रश्न येतो क्लासच्या फीचा आणि दुसरा सर्टिफिकेटचा. ती भाषा बोलणार कोणाशी, हे मात्र फारसं कोणी विचारत नाही. मी पुण्यात सॉफ्टवेअरमध्ये काम करतो आणि गेली काही वर्षं आमच्या टीमचे ग्राहक जपानी आहेत. जपानी शिकणारे बरेच तरुण माझ्या ओळखीचे आहेत, त्यात आपल्या समाजातली मुलंमुलीही आहेत. त्यांच्यापैकी अनेकांची गाडी याच प्रश्नापाशी अडते, म्हणून आज त्यावर लिहितो आहे.

जपानीची जेएलपीटी ही परीक्षा पुण्यातही होते. एन-५ ते एन-१ अशा तिच्या पाच पातळ्या आहेत. शब्दसंग्रह, व्याकरण, वाचन आणि ऐकणं या गोष्टी तिच्यात तपासल्या जातात, पण बोलण्याची परीक्षा तिच्यात नाही. त्यामुळे एन-३ पास झालेला मुलगा ग्राहकाच्या कॉलवर गप्प बसतो, हे चित्र नेहमीचं आहे. त्यात त्याचा दोष नाही. बोलायला त्याला कोणी मिळालेलंच नसतं.

यावर एक जुना आणि बिनखर्चिक उपाय आहे, तो म्हणजे भाषांची देवाणघेवाण. एक तास ठरवायचा, अर्धा तास तुझ्या भाषेत आणि अर्धा तास माझ्या. या पद्धतीला ‘टँडेम’ म्हणतात. दोघांनी मिळून पॅडल मारायच्या सायकलीवरून हे नाव आलं. दुसऱ्या महायुद्धात एकमेकांविरुद्ध लढलेल्या फ्रान्स आणि जर्मनी यांनी १९६३ साली मैत्रीचा करार केला आणि दोन्हीकडच्या तरुणांसाठी एक संयुक्त संस्था उभी केली. त्या तरुणांच्या भेटीगाठींमध्ये ही पद्धत रुजली. पुढे १९९० च्या दशकात जर्मनीतल्या बोखुम विद्यापीठाच्या पुढाकाराने ती ईमेलवरून चालू लागली. आज हॅलोटॉक, टँडेम अशी अ‍ॅप मोबाइलवर जोडीदार शोधून देतात. साधन बदललं, नियम तोच राहिला : दोघांनी शिकायचं आणि दोघांनी शिकवायचं.

पुस्तकात न सापडणाऱ्या कितीतरी गोष्टी या गप्पांत कळतात. पुस्तकात ‘चोत्तो’ म्हणजे ‘थोडंसं’. पण तुम्ही काही सुचवलं आणि समोरचा ‘सोरे वा चोत्तो...’ म्हणून थांबला, तर तो नकार असतो. ‘केन्तो शिमासु’ म्हणजे शब्दशः ‘विचार करतो’. व्यवहारात अनेकदा त्याचा अर्थ ‘जमणार नाही’ असा होतो. कामावर हा फरक कळला नाही, तर टीम आठवडाभर होकाराची वाट पाहत बसते. तसेच ते हुंकार. आपण जसं ‘हं’, ‘हो का’, ‘बरं’ म्हणत ऐकतो, तसं जपानी माणूसही बोलणाऱ्याला सतत साद देत असतो. त्याला ‘आइझुची’ म्हणतात. तुम्ही शांतपणे, लक्ष देऊन ऐकत असलात, तरी फोनवर समोरच्याला वाटतं की लाइन कट झाली. हे सगळं माणसाशी बोलूनच अंगवळणी पडतं.

आता मूळ मुद्दा. या व्यवहारात आपण द्यायचं काय? मी जेव्हा कोणाला जपानी जोडीदार शोधायला सांगतो, तेव्हा हमखास उत्तर येतं, “माझं इंग्रजी तेवढं चांगलं नाही, मी त्यांना काय शिकवणार?” इथेच आपली गल्लत होते. इंग्रजी शिकणारा जपानी माणूस शक्यतो मूळ इंग्रजी भाषकच शोधेल. पण हिंदी आणि उर्दू शिकणारे जपानी विद्यार्थीही आहेत. टोकियोचं परदेशी भाषांचं विद्यापीठ आणि ओसाका विद्यापीठ इथे या दोन्ही भाषा रीतसर शिकवल्या जातात. त्या विद्यार्थ्यांना बोलायला माणूस हवा असतो. घरात उर्दू किंवा दखनी, शाळेत मराठी आणि बाजारात हिंदी बोलणारा मुलगा त्यांच्यासाठी किती मोलाचा आहे, याचा विचार करा.

उर्दू शिकणाऱ्या एका जपानी विद्यार्थिनीशी माझी वर्षभर देवाणघेवाण चालली. तिने एकदा विचारलं, “तुम्ही घरी ‘मैंने रोटी खाई’ असंच बोलता का?” मी सांगितलं की आमच्या घरी ‘मैं रोटी खाया’ म्हणतात. मला ती नुसती बोलण्याची सवय वाटत होती. तिने वहीत नोंद केली : दखनीत ‘ने’ लागत नाही. मग तिने अनेकवचनं विचारली. ‘लोगां’, ‘बातां’ लिहून घेतली. ‘नक्को’ आणि ‘मैंच’मधला ‘च’ मराठीतून आल्याचं मी सांगितलं, तेव्हा तिने पुढचा सगळा अर्धा तास मराठीबद्दल विचारण्यात घालवला.

आपल्या घरच्या बोलीला आपण किती हसतो, हे आठवून पाहा. उर्दूवाले म्हणतात ती अशुद्ध आहे, मराठीवाले म्हणतात ती मराठी नव्हे, आणि आपण चारचौघांत ती बोलायचं टाळतो. त्या बोलीला नियम आहेत आणि दख्खनच्या मातीत शेकडो वर्षांचा इतिहास आहे. एका परक्या मुलीने प्रश्न विचारले की ते आपल्याला दिसतं, कारण उत्तर द्यायला आपल्याला स्वतःच्या भाषेकडे नीट पाहावं लागतं.

मराठीचा तर जपानीसाठी थेट उपयोग आहे. ‘वाताशी वा पुणे नि सुंदे इमासु’ म्हणजे ‘मी पुण्यात राहतो’. क्रम तोच, क्रियापद शेवटी, आणि ‘पुण्यात’मधल्या ‘त’च्या जागी ‘नि’. इंग्रजीतून जपानी शिकणाऱ्याला वाक्य उलटं करावं लागतं, आपल्याला नाही. त्यांची अक्षरमालाही अ-इ-उ-ए-ओ आणि पुढे क, स, त, न अशी लावलेली आहे. बौद्ध भिक्षूंच्या संस्कृत अभ्यासातून हा क्रम तिकडे गेला. कांजी मात्र पाठच कराव्या लागतात. रोजच्या वापरासाठी ठरवलेल्या यादीतच त्या २१३६ आहेत. त्या कष्टाला देवाणघेवाण हा पर्याय नाही. व्याकरण आणि लिपी स्वतः बसून शिका, जोडीदाराचा वेळ बोलण्यासाठी ठेवा.

थोडं व्यवहाराचं. जपानचं घड्याळ आपल्या साडेतीन तास पुढे आहे. आपले रविवारचे सकाळचे सात म्हणजे त्यांचे साडेदहा, ही वेळ दोघांना सोयीची पडते. दिवस आणि वेळ पक्की ठरवा. मोबाइलवर टायमर लावा, नाहीतर ज्याची भाषा सोपी वाटते तिच्यातच तास संपतो. बोलताना प्रत्येक चुकीवर अडवू नका, शेवटी तीन-चार चुका सांगा आणि तेवढ्याच सांगायला लावा. जोडीदार हा फुकटचा मास्तर नव्हे. त्याच्या अर्ध्या तासाची तयारी तुम्हीही करून जा.

मैत्रिणींसाठी आणखी एक. भाषेच्या नावाखाली भलतंच बोलणारे पुरुष ऑनलाइन भेटतात. त्या त्रासाने अनेक मुली शिकणंच सोडतात. फोटो, पत्ता, खासगी नंबर देण्याची गरज नाही. पहिल्याच भलत्या वाक्याला ब्लॉक करा आणि दुसरी जोडीदार शोधा, शक्यतो मुलगी. आणि मुलांनो, समोरची मुलगी भाषा शिकायला आली आहे, एवढं लक्षात ठेवलं तरी पुरे.

कोणाला जर्मन शिकायची असेल, कोणाला अरबी किंवा फ्रेंच. पद्धत हीच राहील. सुरुवातीला एक कागद घ्या आणि तुम्हाला येणाऱ्या भाषा लिहा. घरची बोली त्यात वगळू नका. आपल्यापैकी बहुतेकांच्या कागदावर तीन-चार नावं येतील. जगात अनेकांकडे एकच असते. त्या यादीतली कोणती भाषा तुम्ही एखाद्या अनोळखी माणसाला अर्धा तास शिकवू शकाल, हे ठरवा आणि या रविवारी जोडीदार शोधायला लागा.